गवतवाली आणि शाळेची घंटा

वडिवळ्याच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा मधल्या सुट्टीच्या शेवटी एक गवतवाली शाळेवरून कामशेत स्टेशनला जायची. तिचं गवत लोणावळ्याच्या टांग्यांच्या घोड्यांसाठी. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावरचा भारा न उतरवता पायरीशी थांबून आमची गंमत बघणं, ही तिची रोजची चैन.

माझ्या वर्गात एक बहिरी मुलगी होती. घंटा झाली तरी ती खेळतच राहायची आणि तिला आणायला गेलेली पोरंही तिथंच रमायची. एकदा वैतागून मी म्हणालो, "उद्यापासून हिला घरीच ठेवायला सांगतो."

गवतवाली हसली. "गुर्जी, घंटा तिलाच वाजवाया द्या की! मंग कशी ऱ्हाईल भाईर?"

दुसऱ्या दिवशी पोरीनं घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर असा टोला हाणला, की गवतवालीनं दोन्ही हात कानांवर नेले आणि भारा धपकन खाली! पोरगी पोट धरून हसली.

तेव्हापासून ती हातोडा उगारून आधी वाटेकडे बघायची. गवतवालीनं भारा दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिचकावले, की मगच आमची सुट्टी संपायची. रोज थोडी उशिराच. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.