बाबा तीन दाबतात

माझ्या पहिल्या व्हिडिओ गेमला आख्ख्या जगात एकच खेळाडू मिळाला, आणि तो माझा बाप निघाला.

आज मी पुण्यात पोरांना गेम कसा रचायचा ते शिकवतो. पहिल्या दिवशी वर्गात चक्क खुर्चीवर चढतो, दोन्ही हात पसरतो आणि विचारतो, "खेळणाऱ्याला निवड देता, की निवड दिल्याचं नाटक करता?" पोरं हसतात. त्यांना वाटतं, सरांनी हे कुठल्या तरी जाड पुस्तकातून उचललंय. कसलं पुस्तक! हे मी लातूरला शिकलो, बारावी दुसऱ्यांदा देताना.

भूकंप होऊन गेला होता आणि कोचिंगला नुकतं भरतं येत होतं. घरमालकीणबाईंनी स्लॅबची अशी धास्ती घेतली होती, की मागच्या अंगणात त्यांनी भाड्याच्या चारही खोल्यांवर पत्रेच टाकले. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक खोलीत कोपऱ्यात तांब्या उपडा ठेवायचा, त्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन हलली की वाटी पडणार, आवाज होणार, आणि आपण बाहेर पळायचं.

जमीन काही हलली नाही. वाटी मांजर पाडायचं. भरदुपारी खणकन आवाज झाला, की चार खोल्यांतून चार पोरं अंगणात, बाई पदर खोचून मधोमध, आणि पुढची पाच मिनिटं सगळे एकमेकांशी बोलायचे. 'तुझ्याकडं पडली का?' 'नाही, तुझ्याकडं?' एरवी कुणी कुणाशी बोलत नसे. शेजारचा म्हणजे मेरिट लिस्टमध्ये आपल्या वर बसलेला कुणीतरी; त्याच्याशी काय बोलणार? त्या मांजराचे माझ्यावर फार उपकार आहेत. आणि मांजरच होतं ते, शपथ.

नांदेडच्या घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई मी दहावीत असताना गेली. नात्यातलं कुणीही आलं की मला पुढ्यात उभं करून विचारायचं, "मग, डॉक्टर का इंजिनिअर?" बस, दोनच बटणं. मी त्यातलं दुसरं दाबलं. मार्क कमी पडले, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं दार उघडलं नाही, आणि शाळामास्तर असलेले बाबा म्हणाले, "एक वर्ष लातूर."

मला परत जायचं होतं. एवढं एकच वाक्य, पण ते एसटीडी फोनच्या काचेच्या डब्यातून, बाहेर रांग उभी असताना, काही केल्या फुटत नव्हतं. "बरंय ना?" "बरंय." झालं बोलणं.

मग मी ते वाक्य मशीनकडून वदवून घ्यायचं ठरवलं. कोचिंगच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथं मी बेसिक नावाची प्रोग्रामिंगची भाषा थोडीशी शिकलो होतो आणि रविवारी तिथले सर मला मशीन वापरू देत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, तीही इंग्रजी लिपीतलं मराठी. त्यात मी एक गेम रचला. खेळणारा बाप असतो. त्याला प्रश्न येतात, आकडा दाबून उत्तर द्यायचं. शेवटचा प्रश्न हा: मुलगा म्हणतो, मला घरी यायचंय. एक, ये. दोन, तिथंच थांब.

आता माझी हुशारी ऐका. दोन दाबलं, की मुलगा वाळत जायचा, मेसच्या डाळीत त्याला स्वतःचं तोंड दिसायचं, आणि प्रश्न पुन्हा तोच यायचा. एक दाबल्याशिवाय गेम संपतच नव्हता! मला वाटलं, काय कलाकृती झालीय!

त्या रविवारी बाबा आले. लातुरात रविवार म्हणजे बापांचा बाजार. ज्याच्या त्याच्या हातात चिवड्याचा डबा. मी त्यांना थेट क्लासमध्ये नेऊन खुर्चीवर बसवलं.

"हे काय करून राहिलास तू इथं? अभ्यासाचं हाय का हे?"

"अभ्यासाचंच आहे. तुम्ही खेळा तर."

त्यांनी चष्मा चढवला आणि कुणाच्या दाराची बेल दाबावी तसं एक बोट पुढं केलं. पहिला प्रश्न सोपा होता: तुम्ही मुलाला भेटायला लातूरच्या स्टँडवर उतरलात. एक, भजी. दोन, चहा. बाबांनी भजी मागितली. पडदा म्हणाला, भजी संपली, चहा घ्या.

"मग विचारलास कशाला?" बाबा म्हणाले.

शेवटचा प्रश्न आला. बाबांनी तो दोनदा वाचला, ओठ हलवत. मग दोन दाबला. मुलगा वाळला. पुन्हा दोन दाबला. मुलगा आणखी वाळला.

"म्हणजे एक दाबेपर्यंत हे मला सोडणार न्हाई," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघू लागलो. त्यांनी तीन दाबला. तीन मी लिहिलाच नव्हता. मशीन गोंधळलं आणि पहिल्या ओळीवर गेलं: तुम्ही मुलाला भेटायला लातूरच्या स्टँडवर उतरलात.

"हे काय? मी तीन दाबलो."

"तीन नाहीच आहे, बाबा."

"हाव, पण मी दाबलो ना? नसंल तर नाही म्हणावं. ऐकलंच न्हाई असं कामून करतंय?"

"पण तीन म्हणजे काय?"

"तीन म्हणजे," बाबा पडद्याकडंच बघत म्हणाले, "कामून यायचंय, ते पोराला विचारा."

वर पंखा फिरत होता. मी तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांत जे जुळलं नव्हतं ते निघालं. "करमत नाही. कुणी बोलत नाही इथं. तास संपून खोलीवर आलो की दुसऱ्या दिवशीच्या तासापर्यंत तोंडातून शब्द बाहेर पडत नाही."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "मी बी शाळेतून आलो की रेडिओ लावतो. ऐकत न्हाई. नुसता लावतो." मग म्हणाले, "मला वाटलं, तू इथं पोरांत रमला असशील."

आता ते एक दाबणार, अशी माझी खात्री झाली. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"पाचच्या गाडीत मी दोन जागा धरतो. यायचं तर ये. न्हाई आलास तरी मी काही म्हणणार न्हाई."

"आणि इंजिनिअरिंग?"

"ते बी तूच सांग."

खोलीवर येऊन मी पिशवी भरली. आतापर्यंत बाबांना दोष द्यायची सोय होती, आणि ती सोय मी मजेत वापरत होतो. पिशवी भरताना हात सारखा थांबत होता.

स्टँडवर गाडी खच्चून भरलेली. बाबांनी खिडकीतून रुमाल टाकून शेजारची जागा धरली होती आणि डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका बाईला ते अडवत होते. "माणूस येऊन राहिलाय, बाई."

"कधी येणार तुमचा माणूस? गाडी नांदेडला लागल्यावर?"

मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. बाबांनी माझ्या पिशवीकडं पाहिलं आणि सरकून जागा केली.

"परीक्षा देऊन येतो," माझ्या तोंडून निघालं.

"नक्की?"

"माहीत नाही."

बाबांनी रुमाल उचलला, त्याची घडी घातली, खिशात ठेवला. बाई गाठोड्यासकट धपकन बसली. "पोरगं हाय का तुमचं? येत न्हाई?"

"न्हाई," बाबा म्हणाले, शाळेत निकाल वाचून दाखवावा तसं. "त्यानं ठरवलंय."

गाडी गेली. मी पिशवी घेऊन तिथंच उभा, आणि तेवढ्यात त्याच फलाटावर पुढची नांदेड लागली. ती भरली, गेली. मग आणखी एक. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, अहमदपूर, लोहा, नांदेड! मला बघून थांबला.

"ओ, येणार हाय का न्हाई?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणालो, "आज नाही."