फोनला वास येत नाही

आमचे अण्णा, सूर्यभान, शेवगावात पाथर्डी रस्त्याला पंक्चर काढतात. चार वर्षं झाली, दारूला शिवलेले नाहीत. लोक म्हणतात, पोरीनं बापाला सुधारलं. मी मान हलवते आणि विषय बदलते.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. दुकानं बंद, दारू मात्र मागच्या दारानं चालू. नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रानं दाखल करून घेणं थांबवलं होतं, म्हणून अण्णांचा उपचार फोनवर सुरू झाला. डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासून गोळ्या लिहून दिल्या. मग रोज सकाळी दहाला केंद्रातल्या शिफा मॅडम भिंगारहून, त्यांच्या घरातून फोन करायच्या. अण्णांनी गोळी जिभेवर ठेवायची, पाणी प्यायचं, जीभ वर करून दाखवायची. पन्नाशीचा माणूस, मुकाट्यानं करायचा. फोन माझा, म्हणून धरायचेही मीच.

दारू पोटात असताना गोळी गेली तर जिवावर बेतेल, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण फोनला वास येत नाही. आईला विचारण्यात अर्थ नव्हता. वीस वर्षं सोसून तिला न प्यालेल्या दिवशीही वास यायचा. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मोनिका, रोज तू वास घेऊन सांगायचं. तू नाही म्हणालीस तरच गोळी."

एकोणीस वर्षांच्या मुलीनं बापाच्या तोंडाशी नाक न्यायचं. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. अण्णा डोळे मिटून 'हा' करायचे, मी 'नाही' म्हणायचे. मग त्याचीही सवय झाली. चाळीस दिवस सरळ गेले. आई त्यांना परत ताट वाढून द्यायला लागली, हे आमच्या घरात फार होतं.

एप्रिलात एका सकाळी तव्यावरची भाकरी कोळसा झाली आणि मी तिथंच बसलेली. आई ओरडली, नाक गहाण ठेवलंय का. मी हिंगाची डबी हुंगली. रॉकेलचं बूच काढून हुंगलं. काही नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता, फक्त वास गेला होता. आमच्या गल्लीत पलीकडच्या घराला कोरोना निघाला म्हणून पत्रे ठोकलेले होते, त्या घरात दूध टाकायलाही कोणी जात नव्हतं. मी गप्प बसले. रोज दहाला नाक पुढे करायचे आणि 'नाही' म्हणायचे.

सहाव्या दिवशी अण्णा दुधाच्या टेम्पोचं पंक्चर काढून आले ते भिंतीला धरत. डोळे लाल, तोंड घामानं डबडबलेलं. मॅडमनी स्क्रीनवरून बघितलं आणि विचारलं, "वास येतोय का गं?"

मी जवळ गेले. नाही म्हणावं आणि ते प्यालेले असले तर गोळीनं जातील. वासच कळत नाही म्हणावं तर दाराला पत्रे. मी म्हणाले, "येतोय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. चिडले नाहीत, शपथ घेतली नाही. एवढंच म्हणाले, "पोरगी म्हन्ती तर येत आसंल."

मॅडमनी गोळी थांबवली. आईनं त्यांचं अंथरूण पडवीत टाकलं. दोन दिवस ते तिथं पडून होते. ओकले, बरळले. उतरेल, असं आम्ही धरून चाललो. दुपारी मॅडमचा फोन आला तर आई म्हणाली, लोळतायत अजून. तिसऱ्या दिवशी त्यांच्या छातीचा आवाज माजघरात ऐकू यायला लागला, तेव्हा आईनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, अंग भाजत होतं. त्याच दुधाच्या टेम्पोतून त्यांना नगरला नेलं. एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होते. कोरोना माझ्याकडूनच त्यांना लागला असणार. मला रडू आलं नाही. यायला हवं होतं, हे कळत होतं.

घरी आले ते निम्मे होऊन. दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनीच फोन डब्याला टेकवून ठेवला, माझ्यासमोर बसले आणि तोंड पुढे केलं. वर्षभरानं गोळ्या संपल्या, मॅडमचे फोन थांबले. हे थांबलं नाही. रोज जेवायच्या आधी ते येतात, डोळे मिटून 'हा' करतात, मी 'नाही' म्हणते. मला अजूनही कसलाच वास येत नाही. भाकरी मी रंगावर उलटते.

माझं लग्न ठरलं आहे, राहुरीचं स्थळ. उद्या हळद. आज संध्याकाळी अण्णा हात धुऊन माझ्यापुढे बसले.

"मोने, त्या दिशी म्या घेतली न्हवती," ते म्हणाले. "पर तू येतोय म्हनली. मला वाटलं, वीस वर्साची अंगात मुरलीय, ती आपसूक भाईर येती. तवापासून लई भ्या वाटतं. थेंब जरी घेतला तरी समदी वर यील. आता तू चालली. खरं सांग, गेला का गं त्यो वास?"

सांगायची वेळ हीच होती. सांगितलं असतं तर त्यांची भीती गेली असती. पण त्या भीतीखेरीज त्यांना दारूपासून अडवणारं घरात दुसरं काय आहे, ते मला आठवेना. परवापासून मीही नसणार.

त्यांनी डोळे मिटले. मी नाक जवळ नेलं, श्वास घेतला. काहीच आलं नाही.

"अजून थोडा येतो, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मंग जपाया पायजे," म्हणाले, आणि जेवायला बसले.