आत्याने मोडलेली एकादशी

भागीआत्या गेली त्याला महिना होऊन गेला. तेराव्याला खळ्यात पंगत बसली तेव्हा वडे हाणता हाणता मंडळींना तिचे गुण आठवत होते. "देवमाणूस हो!" म्हणणाऱ्यांत माझा मेहुणा तात्या सगळ्यांत पुढे. याच तोंडांनी आठ वर्षं तिला 'बाटगी' म्हटलं होतं. मेलेल्या माणसाची स्तुती करायला पैसे पडत नाहीत, वर जेवण फुकट मिळतं.

आठ वर्षांपूर्वी माझी बायको हिरा बाळंतपणात रक्त जाऊन पांढरीफटक पडली. रत्नागिरीला इस्पितळात मुंबईहून शिकून आलेला नवा डॉक्टर होता. तो म्हणाला, दुसऱ्याचं रक्त चढवलं तरच ही वाचेल. तात्या, हिराचा थोरला भाऊ, मुंबईच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. आगबोटीने धावत आला होता आणि बंदरापासून इस्पितळापर्यंत "बहिणीसाठी जीव देईन" असं दहादा म्हणाला होता. जीव कोणी मागितलाच नव्हता... बाटलीभर रक्त मागितलं, तेव्हा त्याला कमरेतली जुनी उसण आठवली. बाकीच्यांचे थेंब काचेवर घेऊन बघितले. माझं आणि माझ्या विधवा आत्याचं जुळलं. आजचा दिवस निभावेल, उद्या सकाळी या, असं डॉक्टरने मला सांगितलं.

उद्या एकादशी. दान उपाशीपोटीच करायचं, हा शोध तात्याचा. डॉक्टरला विचारावं असं आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. मी पहाटे आंघोळ करून, पाण्याचा थेंब न घेता निघालो, सुई बघितली आणि आडवा झालो. उपासाने चक्कर आली असं सगळ्यांनी मानलं. खरं कारण भीती, हे आज पहिल्यांदा सांगतो आहे. डॉक्टर भडकला. "भरल्या पोटाचं माणूस आणा, लवकर!"

आत्याचाही उपासच होता. ती इस्पितळाच्या ओसरीवर गेली, तिथे बसलेल्या बुरोंडीच्या एका कोळणीकडून उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा मागून घेतला आणि सगळ्यांसमोर खायला बसली.

"अगो आत्या, आज एकादशी! पाप लागेल!" तात्या ओरडला.

"लागूदे. पाप माज्या वाट्याचा, भैन तुज्या वाट्याची," आत्या काटा काढत म्हणाली. "तू फकस्त बाजूला सर. उजेड अडवतोस."

आत्याचं रक्त चढवलं आणि दुपार टळता टळता हिराच्या ओठांवर रंग आला. आत्या भिंतीला टेकून बघत होती. "इतके नारळ दिले रे देवाला, पोचले की नाय, कदी कळला नाय. ह्या मात्र माज्या डोळ्यांदेखत पोचला."

गावाला आठवण राहिली ती बांगड्याची. पूजेचा प्रसाद तिच्या हातावर लांबून टाकू लागले. नकला झाल्या, हशा झाला... त्या हशात मीही होतो. माझं आडवं होणं झाकायला तिचा बांगडा मला फार उपयोगी पडला. रक्त देणारा म्हणून माझं नाव डॉक्टरने लिहून ठेवलं होतं. तीनदा निरोप आला, तीनदा मी "परगावी गेलेत" म्हणून सांगायला लावलं. माझ्यापेक्षा तात्या बरा, त्याला निदान उसण तरी होती.

गेल्या आठवड्यात पुन्हा निरोप आला. मंडणगडकडची एक बाई अडली होती. हिराने पेजेचा वाडगा माझ्यासमोर ठेवला आणि तो रिकामा होईपर्यंत हलली नाही. मी गेलो, भिंतीकडे तोंड करून पडलो. वाटलं होतं तेवढं दुखलंसुद्धा नाही. मग ओसरीवर बसून राहिलो. संध्याकाळी त्या बाईने डोळे उघडून पाणी मागितलं. तिचा नवरा रडत माझ्या अंगावरून धावत आत गेला, मी कोण हे त्याने विचारलंही नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. जवळजवळ पळतच घरी आलो, आत्या बसायची त्या पडवीत शिरलो आणि ओरडलो, "आत्या, पोचला गो!"

हिरा आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.