ओठांची शाळा

रहाटणीत तेव्हा ज्वारीची शेतं अजून शाबूत होती, पण त्यांच्या कडेनं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठायला लागल्या होत्या. अशाच एका रांगेतल्या टोकाच्या खोलीत कस्तुरा राहायची. नवरा भिवा पिंपरीकडच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर होता, कायमचा तिसऱ्या, रात्रीच्या पाळीला. सगळं जग कामाला लागलं की हा घरी येऊन आडवा व्हायचा. कस्तुरा सातवी पास. माहेरी असताना मास्तरीण व्हायचं तिच्या फार मनात होतं. लग्न ठरलं आणि ते मनातच राहिलं.

त्यामुळे एकुलती एक लेक नीला पहिलीत गेली तेव्हा कस्तुराला आपणच दप्तर घेऊन निघाल्यासारखं वाटलं. शाळा कसली, देवळाची ओसरी. चार इयत्ता आणि एक बाई. शिकवणं म्हणजे पाढे म्हणून घेणं. ज्याचा घसा मोठा तो हुशार. नीलाचा घसाही काही कमी नव्हता. घरी आली की तेच घोकणं, बापाच्या उशाशी बसून, बेंबीच्या देठापासून.

एके दुपारी अशीच ती ओरडली. भिवा दचकून उठला, आणि मग त्याला काही झोप लागली नाही. त्याच रात्री पाळीवर असताना प्रेस खाली आली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. कुणी कुणाला बोल लावला नाही. भिवा मुळातच अबोल माणूस, तो हाताला फडकं बांधून गप्प पडून राहिला. पण कस्तुराच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. पोरीच्या आवाजानं बापाची बोटं नेली. पुढच्या वेळी हात जाईल.

तिनं नीलाला शाळेतून काढलं.

"अगं, तू शिकलेली, आन् पोरीला घरी बसवतीस व्हय?" शेजारची शालनबाई म्हणाली.

"बसवत नाही. शिकवते," कस्तुरा म्हणाली. पण ते कुजबुजत. भिवा झोपला होता ना.

आणि तिनं खरंच शिकवलं. त्या खोलीत शाळा भरायची ती भिवाच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर, तीही आवाज न करता. पाटीवर पेन्सिल कुरकुरते, म्हणून ओल्या बोटानं अक्षरं काढायची. ती वाळून जायच्या आत वाचायची. हिशेबाला ज्वारीचे दाणे, तेही गोधडीवर, वाजू नयेत म्हणून. आई ओठ हलवी, मुलगी ओठांवरून शब्द ओळखी आणि ओठांनीच उत्तर देई.

विद्या म्हणाल तर अशी लागली की बघत राहावं. घोकायची सोयच नसल्यामुळे नीलाला प्रत्येक गोष्ट समजूनच घ्यावी लागली. अक्षर वाळायच्या आत ध्यानात धरायचं, त्यामुळे लक्ष इकडंतिकडं जायची बिशाद नव्हती. ओसरीवरची पोरं सातचा पाढा म्हणत आणि सात त्रिक म्हणजे काय विचारलं की एकमेकांची तोंडं बघत. नीला दाणे मांडून दाखवी. त्या पोरांच्या इयत्तेहून ती दोन इयत्ता पुढं गेली. कस्तुराला मनातून केवढा गर्व! आपल्यासारखी मास्तरीण त्या शाळेला मिळणार नाही, असं तिला वाटे. आणि खोटं नाही, ती चांगलीच मास्तरीण होती.

पण काही गोष्टी तिच्या उशिरा ध्यानात आल्या. एकदा अंगणात नीलाचा अंगठा दगडावर ठेचकाळला. नख उलटलं. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज मात्र नाही. "तुझी पोर पाठीशी येऊन हुबी ऱ्हाती, मला कळतच न्हाई," शालनबाई एकदा म्हणाली आणि त्यानंतर तिनं आपली पोरं त्या खोलीकडं खेळायला धाडली नाहीत. संध्याकाळी बाप जागा असे, तेव्हा नीला नुसती हसायची, मान हलवायची. रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांबरोबर तिचेही ओठ हलत. इतक्या आवाजांत एक आवाज नाही, हे कळणार कुणाला?

सगळ्यांत भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एकदा कस्तुरा पाठमोरी भाजी निवडत होती आणि मध्येच म्हणाली, "थांब, देते पाणी." मग तिचा हात थबकला. मागं पोरगी पाण्यासाठीच उभी होती. ओठ तर दिसले नव्हते. मग आपण ऐकलं ते कशानं? पुन्हा पुन्हा असं होऊ लागलं. तेव्हा तिनं ठरवलं, आता पोरीला शाळेत घालायचंच.

एव्हाना पाच वर्षं गेली होती, शाळेला सातवीपर्यंतचे वर्ग आणि पक्क्या खोल्या झाल्या होत्या आणि अण्णासाहेब नावाचे हेडमास्तर आले होते. माणूस सज्जन. नीलाची लेखी परीक्षा त्यांनी स्वतः घेतली आणि पेपर बघून चष्मा काढला.

"घरी शिकवलंत? अहो बाई, आमच्या सातवीला हे अपूर्णांक येत नाहीत! हिला पाचवीत घेऊ. आता तोंडी, नुसती रीत म्हणून."

त्यांनी प्रश्न विचारला. नीलाचे ओठ हलले. "मोठ्यानं," ते म्हणाले. पुन्हा ओठच. कस्तुरानं घाईघाईनं उत्तर सांगितलं.

"तुम्ही नका बोलू बाई. परीक्षा मुलीची आहे."

"तीच सांगतेय, गुरुजी."

अण्णासाहेबांना हसू आलं. लाजत असेल, चार लहान पोरांत धिटावेल, म्हणून त्यांनी नीलाला पहिलीच्या वर्गात नेऊन उभं केलं. वर्ग पाढे म्हणत होता, कौलं उडतील असा. नीला त्या पोरांकडं बघत होती आणि सवयीनं ओठ हलवत होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तिच्याकडं पाहिलं आणि त्या मुलीचाच आवाज बंद झाला. मग तिच्या शेजारच्या मुलीचा. मग रांगेमागून रांग. पाढा चालूच होता. सगळ्यांचे ओठ एका ठेक्यात हलत होते आणि वर्गात बाहेरच्या वडाची पानं ऐकू येत होती.

वर्गावरच्या सुमनताईंनी टेबलावर छडी आपटली तेव्हा पोरं भानावर आली. दोघं-तिघं रडायला लागली.

अण्णासाहेब बाहेर आले ते घाम पुसत. "बाई, तुमचं शिकवणं सोन्यासारखं आहे. पण ही अशी बसली तर माझी शाळा... सोमवारी आणा. तिच्या तोंडून एक वाक्य ऐकू आलं तर नाव घालतो. नाहीतर मला माफ करा."

घरी आल्या तेव्हा टळटळीत दुपार होती आणि भिवा भिंतीकडं तोंड करून निजला होता. कस्तुरानं त्याचा तो हात पाहिला, उरलेली बोटं पाहिली. मग पोरीकडं पाहिलं. दोहोंतलं काय घालवायचं ते आज ठरवायचं होतं. तिनं पुस्तक उघडून नीलासमोर ठेवलं.

"नीला, मोठ्यानं वाच," ती म्हणाली. गेल्या पाच वर्षांत दिवसाउजेडी त्या खोलीत इतकं मोठं कुणी बोललंच नव्हतं. तिचं तिलाच परकं वाटलं.

नीलानं घाबरून आईच्या तोंडावर हात दाबला.

कस्तुराला रडू फुटलं. तिनं तो हात बाजूला केला. "वाच बाई. बाबांची झोप मोडली तर मोडू दे."

"मोडाय आदी लागाय तर पायजे," भिवा म्हणाला.

तो वळला. डोळे तांबारलेले, पण झोपेचा मागमूस नाही. "मला कुठं झोप लागतीया हितं? तुमी दोघी अशा गप, की वाटतं घरात कुणीच न्हाई. डोळं मिटून पडतो झालं. कान देऊन असतो, पोरीचं कायतरी ऐकू यील म्हणून."

"पण तुमची बोटं... ती ओरडली म्हणून..."

"पोरीचा काय संबंद? मशीनच बिगडलेली. आदीपास्नं सांगत हुतो सायबाला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कवा?"

भिवानं नीलाला जवळ ओढलं. "मी जागा हाय, पोरी. बोल."

नीलाचे ओठ हलले. एकदा, दोनदा. गळ्याची शीर ताठ झाली. आणि आवाज आला.

"बाबा, मी वातू?"

कस्तुरानं दोन्ही हातांनी कान धरले. दहा वर्षांच्या थोराड मुलीच्या तोंडातून पाच वर्षांचं बोबडं पोर बोलत होतं. पहिलीत जाताना होता तोच आवाज, तेवढाच, तसाच. बाकी सगळी नीला वाढली होती. आवाज तेवढा आईनं जिथं दाबला तिथंच राहिला होता.

नीला वाचू लागली. पाचवीचं पुस्तक, जडजड शब्द, एकही चुकत नव्हता, आणि सगळे त्या कोवळ्या बोबड्या सुरात. सोमवारी अण्णासाहेबांना ऐकवायला आता वाक्य होतं. ते ऐकून गुरुजी काय करतील, हे कस्तुराला कळेना.

थोड्या वेळानं कसलासा घरघराट झाला आणि ती दचकली. भिंतीला टेकल्या टेकल्या भिवा घोरत होता. तो घोरतो हे ती पार विसरली होती. पहिलीतून पोरीला काढल्यापासून या खोलीत ते कधी ऐकू आलं नव्हतं, आणि एवढ्या हुशार मास्तरणीला ते कधी खटकलंही नव्हतं.

बाप झोपलेला पाहून नीलाचा आवाज विझला. नुसते ओठ हलत राहिले.

"थांबू नकोस," कस्तुरा रडत, ओरडून म्हणाली. "वाच!"