ताम्हिणीतला हॉर्न

महिपतीदादा एका जागी शांत बसलेत, असं मी कधी पाहिलं नाही. जेवतानाही त्यांचा एक पाय हलत असे. त्यांची बायको, रंभावहिनी म्हणायची, "यांच्या पायाला भिंगरी हाय." रामवाडीचा हा माणूस आमच्या जोहे गावच्या गणपतीच्या कच्च्या मूर्ती टेम्पोने पुण्याला न्यायचा. बारा वर्षांत त्यांच्या गाडीत एक सोंड मोडली नव्हती. न रंगवलेली शाडूची मूर्ती पापडाहून नाजूक. पेंढ्यात कितीही गच्च बसवा, करकचून ब्रेक लागला की आधी सोंड जाते. म्हणून दादा उतारावरही गाडी गिअरवर धरत.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात माझ्या स्वतःच्या कारखान्याचा पहिला माल घेऊन आम्ही निघालो. साठ मूर्ती. बारापर्यंत पोचला नाहीत तर दुसऱ्याचा माल घेईन, असं पुण्याच्या व्यापाऱ्यानं बजावलं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता. गडब, नागोठणं, कोलाड मागे पडलं, ताम्हिणी घाट लागला आणि दादा वेगळेच झाले. फांदीवर शेकरू दिसलं, गाडी हळू. माकडांनी मागचा पेंढा उपसायला सुरुवात केली, तर खाली उतरून भांडले, "तुमच्या बापाचा माल हाय काय रं?" आणि वर आपली भाकरी त्यांनाच देऊन आले. मी घड्याळ बघत मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

साडेदहा वाजले असतील. एका उतारावर लांबूनच गव्याची मादी दिसली, रस्त्याच्या मधोमध. दादांनी गिअर उतरवला.

"हॉर्न मारा की, दादा!"

"नाय. हिचं पिल्लू झाडीत असंल. बिचकंल. जाईल ती तिच्या पायानं."

"आणि माझा माल?"

"कान्हू, दम धर जरा."

मला दम धरवला नाही. मी आडवा वाकलो आणि हॉर्न दाबला, चांगला लांब. मादी हलली नाही. डावीकडच्या करवंदीतून पिल्लू मात्र उसळून थेट चाकापुढे आलं. दादांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. पिल्लू वाचलं. मागे काय झालं ते आवाजावरूनच कळलं. एकेचाळीस मूर्ती गेल्या. दादा पेंढ्यात बसून तुकडे वेचत राहिले.

जोह्यात सगळ्यांनी विचारलं. मी म्हणालो, "महिपतीदादांनी ब्रेक मारला." खोटं नव्हतंच ते. दादा तिथेच उभे होते, त्यांनी मान खाली घातली. गावानं माझी कीव केली, पुढच्या सालाला उधारीवर शाडू दिला, माझा कारखाना उभा राहिला. दादांच्या गाडीत कच्च्या मूर्ती पुन्हा कुणी चढवल्या नाहीत.

गेल्या वर्षी दादा वारले. दिवसकार्य झाल्यावर मी रंभावहिनीपुढे बसलो. सत्तावीस वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"ठावं हाय मला. त्याच रातीला सांगितलेलं त्यांनी."

"मग वहिनी, इतकी वर्षं मला चहा पाजलास, बोलली का नाहीस?"

"त्यांनीच गप बसवलं. म्हणलं, त्याला आत्ताशी धंदा करायचाय. माझं काय, मी कांदे-बटाटे नेईन."