सोयाबीनमधलं जहाज

बंद पडलेल्या कामावर दोनच गोष्टी आपोआप वाढतात. एक गाजरगवत, दुसरे किस्से. गवत आम्ही दर दिवाळीला कापायचो. किस्से राहिले ते राहिलेच!

तर मी, देवासचा देशपांडे, धारजवळच्या एका थीम पार्क रिसॉर्टवर स्टोअरकीपर होतो. आमचे शेठ इंदूरचे. एकदा सहकुटुंब समुद्रावर फिरून आले आणि म्हणाले, "माळव्यात काय नाही? समुद्र नाही. आपण आणू!" म्हणून चार मजली जहाजाच्या आकाराचं हॉटेल, भोवती कृत्रिम लाटा, वगैरे वगैरे. तीन मजले झाले आणि भावाभावांत बिनसलं. काम थांबलं, राखणीला आम्ही दोन-तीन पगारी माणसं उरलो. लाटा येणार होत्या त्या जागेत शेजाऱ्याने सोयाबीन पेरलं.

पण बसचे कंडक्टर अजून ओरडतात, "चलो, जहाजवाले उतरो!"

*

हे जहाज कुठून कुठे निघालंय, ते कुणालाच सांगता येत नाही. त्याचं असं झालं, की निमुळतं टोक पश्चिमेला बांधून झाल्यावर शेठचे वास्तुवाले आले. म्हणाले, "तोंड पूर्वेलाच हवं." झालेलं पाडायला शेठचं मन होईना. मग पूर्वेलाही एक टोक काढलं. दोन्हीकडे तोंडं, शेपूट नाहीच!

शेजारचा शेतकरी रोज मला विचारायचा, "भिया, यो जहाज अई रियो है के जई रियो है?"

नऊ वर्षं मी सम तारखेला "येतंय" आणि विषम तारखेला "जातंय" असं सांगत आलो.

*

आमचा चौकीदार गेंदालाल निसरपूरचा. त्याचं घर नर्मदेच्या धरणाच्या पाण्यात गेलं. पहिल्या दिवशी तो जहाजासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, घाबरला.

"हमारे गाँव में पानी आया, तो जहाज नहीं था भिया," तो म्हणाला. "यहाँ जहाज है, तो पानी नहीं!"

आणि स्वतःच खो खो हसला. मला काही हसू आलं नाही. चहा मात्र मी पाजला.

*

आता आमचे मुकुंदराव. फ्रंट ऑफिस मॅनेजर. धारच्या जुन्या दरबारी घराण्यातले, त्यामुळे बोलणं सगळं "यावं, बसावं, घ्यावं" असं. "येत्या दिवाळीला ओपनिंग" म्हणून शेठनी त्यांना आधीच नेमलं होतं. ती दिवाळी आलीच नाही, पण मुकुंदराव रोज टाय लावून यायचे.

त्यांना ड्रिलचा, म्हणजे रंगीत तालमीचा, भारी नाद. मी पाहुणा, ते मॅनेजर. एकदा मी भडकलेला पाहुणा झालो. "एसी चालत नाही तुमचा!" म्हणून ओरडलो. मुकुंदरावांनी इतकी मनापासून माफी मागितली की मलाच लाजल्यासारखं झालं. लगेच खोली बदलून दिली. दोन्ही खोल्यांना दारं नव्हती!

दारं कधी आलीच नाहीत. किल्ल्या मात्र आल्या होत्या, पितळी बिल्ल्यांसकट. मुकुंदराव दर सोमवारी चिंचेने बिल्ले घासायचे.

आणि नियम म्हणजे नियम. एकदा मी साडेअकरालाच "पाहुणा" म्हणून आलो, तर म्हणाले, "चेक-इन बाराला. तोवर पन्हं घ्यावं."

*

त्यांचा खरा जीव होता रजिस्टरात. वर "श्री" लिहिलेलं, खाली हाताने आखलेले रकाने: नाव, गाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव. पहिली ओळ कोरी.

एकदा मोहनखेड्याला निघालेली जैन यात्रेकरूंची बस जहाज बघून थांबली. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं होतं. मुकुंदरावांनी त्यांना लॉबीत बसवलं, चहाच्या पातेल्यात पाणी उकळून दिलं, त्यांच्याच डब्यांतलं स्वतः वाढलं. मंडळी खूश! त्यांचे पुढारी म्हणाले, "लाइए, रजिस्टर में दो शब्द लिख दें."

मुकुंदरावांनी रजिस्टर छातीशी धरलं. "क्षमा करें. यह ठहरनेवालों के लिए है."

बस गेल्यावर मी चिडलो. "अहो, एक ओळ तरी भरली असती!"

"देशपांडे," ते म्हणाले, "घरी शब्द दिलाय. पहिलं नाव त्यांचं."

म्हणजे वहिनींचं. नोकरी लागली त्या दिवशी दिलेला शब्द! आणि वहिनींचाही हट्ट, की हॉटेल सुरू झाल्याशिवाय तिथे पाऊल ठेवणार नाही. गल्लीतले लोक विचारायचे, "साहेबांचं जहाज सुटलं का?" वहिनी हसून म्हणायच्या, "सुटेल."

*

शेवटी शेठच्या भावांनी आपसांत मिटवलं आणि जहाज विकलं. घेणाऱ्याला गोदाम करायचं होतं. आमचा शेवटचा दिवस ठरला.

त्या दिवशी मुकुंदराव नेहमीसारखे टाय लावून काउंटरमागे उभे. रजिस्टर पिशवीत भरायचं होतं, ते हातातून सुटत नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात रस्त्यावर कंडक्टर ओरडला, "जहाजवाले उतरो!" आणि हातात बॅग घेऊन वहिनी चालत आल्या. अंगावर पैठणी, नाकात नथ. गेंदालाल धावत जाऊन बॅग घेऊन आला.

"खोली मिळेल का?" वहिनींनी विचारलं.

मुकुंदरावांनी टाय सारखा केला. "रिझर्वेशन आहे?"

"आहे. नऊ वर्षांपूर्वीचं. समुद्राच्या बाजूची खोली."

मुकुंदरावांनी रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन तिसऱ्या रकान्यावर थांबलं. "पतीचं नाव सांगावं."

आता आली का पंचाईत! लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण त्या घरात नवऱ्याचं नाव नुसतं कुणी घेत नाही. वहिनींनी पदर सावरला:

"सोयाबीनच्या समुद्रात जहाज उभं थाटात,
मुकुंदरावांचं नाव घेते, किल्ली द्या हातात!"

गेंदालालने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. मुकुंदरावांनी सावकाश नाव लिहिलं, एकशे एकची किल्ली काढली, बिल्ला बाहीला पुसला आणि हात पुढे केला. मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. हात मागे घेतला.

"बाराला पाच मिनिटं आहेत," ते म्हणाले. "तोवर बसावं. पन्हं घेणार?"