वाटेत थांबलेल्यांसाठी

सोनाआक्का नसती, तर मी बी. ए. झालो नसतो. आई गेल्यावर माझ्या या थोरल्या बहिणीने कोरीटला लोकांच्या शेतात निंदणी करून मला शिकवले.

नवापूरला मास्तर झालो, तेव्हा स्टेशनामागच्या थडग्यांपाशी वसईची एक म्हातारी रोज दिसे. नवरा रेल्वेत होता. त्याच्या थडग्यावर ती मेणबत्ती लावी आणि वाऱ्याने विझू नये म्हणून वर त्याच्याच कंदिलाची काच ठेवी.

"मेल्यावर माणूस लगेच स्वर्गात जात नाही, बाबा," ती एकदा म्हणाली. "वाटेत थांबावं लागतं. इथून कोणी नाव घेऊन प्रार्थना केली, की देव लवकर वर घेतो. तुझं कोण गेलंय?"

"आई. पण ती किरिस्ताव नव्हती."

"विचारून बघते. नाही म्हणाला, तर उद्या परत विचारीन. नाव सांग."

मी अडखळलो. आम्ही तिला फक्त माय म्हणायचो. वडीलही रीतीप्रमाणे तिचे नाव घेत नसत.

"गंगा," मी म्हणालो. म्हातारीने डोळे मिटले आणि नवऱ्याच्या नावामागोमाग ते नाव घेतले.

त्याच संध्याकाळी मी आक्काला आपल्या बोलीत पत्र लिहिले :

"आक्का, आज एक परकी बाईनी देवले आपली मायनं नाव सांगं. घरमा ते कोनीच लेत नव्हतं. तू बी सांजले दिवा लावतांना एकदाव ले."